हवेचं तिकीट

त्या पोरानं उठायला नको होतं. सकाळची वेळ, भुयारातून धडधडत आलेली मेट्रो नेहमीसारखी रिकामी. डब्याच्या टोकाशी कानांत इअरफोनची बोंडं घालून तो एकटाच बसलेला. राउशान आत शिरली तसा तो ताडकन उठला आणि आपली जागा दाखवत म्हणाला, "आपा, बसा." आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत जागा मोकळ्या होत्या. बोलून गेल्यावर त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. पण शब्द गेला होता, आणि मोठ्या माणसासाठी उठलेला माणूस परत खाली बसला तर इथं त्याच्या आईबापांचा उद्धार होतो. राउशानला दुसरीकडे बसता आलं असतं. पण कुणी मान दिला तर तो घ्यायचा असतो, नाकारला तर देणाऱ्याचा अपमान. म्हणून ती मुकाट्यानं त्याच्या उबदार जागेवर बसली, आणि तो समोर दांडा धरून उभा राहिला. साऱ्या रिकाम्या डब्यात ती दोघं अशी, गर्दीत अवघडल्यासारखी. दोन स्टेशनं गेली तरी तो बसेना, आणि तिला त्याला बस म्हणवेना. शेवटी तो उतरला. हे त्याचं स्टेशन नसावं, तो सुटका करून घ्यायला उतरला असावा असं तिला वाटलं, आणि मग ते वाटणं दिवसभर चिकटून राहिलं.

आपा. कालपर्यंत दुकानातली पोरं तिला 'ताते' म्हणत, म्हणजे ताई. आपा म्हणजे सरळ आजीच. त्रेपन्नाव्या वर्षी आजी म्हणवून घ्यायला हरकत नव्हती, तिच्या वर्गातल्या कितीतरी जणी नातवंडांचे शेंबूड पुसत होत्या. केस ती महिन्याच्या महिन्याला रंगवायची आणि कपाळावर बटा सोडायची, पण ते काही त्या पोराला फसवायला नव्हे. खुपलं ते वेगळंच. आज दुपारी संस्कृती भवनात जाहीर सुनावणी होती. तिथं व्यासपीठावर उभं राहून ती सांगणार होती, की मेट्रोचं भाडं दुपटीच्या जवळ न्यावं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची सवलत काढून टाकावी. म्हणजे आपांची. सकाळी सकाळी कुणीतरी तिच्या कपाळावर तो शब्द चिकटवून तिला कामाला पाठवलं होतं. हा योगायोग आहे, असं ती स्वतःला समजावत होती. योगायोगावर विश्वास ठेवणारी माणसं किती निवांत झोपत असतील, असंही तिच्या मनात येत होतं.

खात्यात एक जुना विनोद होता: आपण हवा वाहून नेतो, आणि हवा तिकीट काढत नाही. येरमेक साबीरोविच, तिचे साहेब, हा विनोद राजधानीहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवत आणि पाहुण्याच्या आधी स्वतः हसत. स्टेशनं संगमरवराची होती. छतांना सोनेरी नक्षी, भिंतींवर उंट आणि सफरचंदं. फक्त माणसं राहत होती तिथवर मेट्रो जात नव्हती. माणसं राहत होती खाली, सपाटीवरच्या नव्या वस्त्यांत, जिथं जमीन स्वस्त आणि हवा धुराची. मेट्रो मात्र वरच्या, डोंगराकडच्या, जुन्या श्रीमंत मोहल्ल्यांच्या पोटातून फिरत होती, आणि तिथल्या प्रत्येक घरासमोर दोन दोन मोटारी उभ्या. पुढची स्टेशनं बांधायला पैसे नव्हते, कारण आहेत तीच स्टेशनं पैसे खात होती, आणि ती पैसे खात होती कारण पुढची स्टेशनं नव्हती. घोडं पेंड खात होतं ते इथंच. हत्ती तर घेऊन बसलो, आता त्याचा चारा कोण आणणार, असं राजधानीनं विचारलं होतं. खात्यानं विचार करकरून उत्तर काढलं होतं: जे आत बसलेत त्यांनी. मुळात जे थोडे बसतात त्यांच्याकडून जास्त घेतलं तर ते आणखी थोडे होतील, हे राउशानला कळत नव्हतं असं नाही. ती अर्थशास्त्र शिकली होती. पण विभागप्रमुखाच्या खुर्चीवर ती गेली दोन वर्षं 'प्रभारी' म्हणून बसत होती, आणि येरमेक साबीरोविच कालच दाराशी थबकून म्हणाले होते, की सुनावणी सुरळीत पार पडली तर तो प्रभारी शब्द खोडायला हरकत नाही. ते हे इतकं सहज म्हणाले की तिला ते दिवसभर पाठ झाल्यासारखं ऐकू येत राहिलं.

सुरळीत म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. जाहीर सुनावणीला जनता लागते, आणि जनता आपणहून आली तर भांडायला येते. तेव्हा दरवेळी जी रीत तीच याही वेळी: प्रत्येकानं आपली माणसं आणायची. कुणी शाळेतल्या बाई आणायच्या, कुणी दवाखान्यातल्या परिचारिका, कुणी साडू, कुणी व्याही. ती येतात, ऊबदार सभागृहात बसतात, हात वर करा म्हटलं की करतात, आणि चहाबरोबर बावुर्साकचे तळलेले गोळे खाऊन घरी जातात. राउशानला आणायला माणसं नव्हती. नवरा केव्हाच वेगळा झाला होता, मुलगी परदेशात. उरली होती एक झेंगे. थोरल्या भावाची बायको, बालझान, म्हणजे आपल्याकडची वहिनी म्हणा. पण वहिनी म्हटलं तर राउशानच्या बाबतीत निम्मंच सांगितल्यासारखं होईल.

सतराव्या वर्षी ती गावाकडून एक गाठोडं घेऊन शिकायला या शहरात आली, तेव्हा भाऊ ओराझ आणि झेंगे एका खोलीत राहत होते. स्वयंपाकघराच्या दारात पडदा लावून झेंगेनं तिला जागा करून दिली. कपाळावर बटा होत्या म्हणून झेंगेनं तिचं नाव ठेवलं केकिल, बटवाली. सासरच्या माणसांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका जगभर असतील, पण इथं सून दिराचं, नणंदेचं, सासऱ्याचं, अगदी नावासारखा दिसणारा शब्दही तोंडी आणत नाही, आणि प्रत्येकाला आपल्या मनचं एक नाव ठेवते. सासऱ्याचं, म्हणजे राउशानच्या वडिलांचं, नाव होतं तेमिरबेक. तेमिर म्हणजे लोखंड. तेव्हा झेंगेच्या घरात लोखंड नव्हतं. होतं ते 'कडक'. कडकाची कढई, कडकाचा खिळा. तेमिर जोल, म्हणजे लोहमार्ग, तिच्या तोंडी 'कडक रस्ता' झाला होता, आणि एकदा स्टेशनावर चौकशीच्या खिडकीशी ती कडक रस्त्याचं तिकीट मागत उभी राहिली तेव्हा आतली रशियन बाई तिला वेडी समजली होती. ओराझ ते सांगून सांगून हसायचा. पुढे पगार बंद पडले, कारखाने बंद पडले, ओराझ प्यायला लागला. राउशानचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. झेंगेनं बाजारात लोकरीचे मोजे विकले, कुर्त, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्या, विकलं, आपल्या आईनं दिलेली चांदीची कर्णफुलं विकली. राउशान पदवी घेऊन आली त्या दिवशी कान झाकायला रुमाल जरा खाली ओढून घेत झेंगे म्हणाली होती की थंडी आहे. तो मे महिना होता. राउशानला आठवतं, ती तेव्हा काहीच बोलली नव्हती. कृतज्ञता एवढी मोठी झाली की माणूस मुका होतो. तो मुकेपणा मग सवयीचा होतो, आणि शेवटी ती कृतघ्नताच आहे की काय, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

आणि मेट्रो सुरू झाली त्या दिवशी झेंगे आली होती पांढरा रुमाल बांधून, पिशवीभर चॉकलेटं घेऊन. घरात सून आली, मुलगा लष्करातून परतला, की शाशू उधळतात ना, मिठाई, तसं तिनं सरकत्या जिन्यावर मूठमूठ उधळायला सुरुवात केली. माझ्या केकिलचं काम आहे हे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. चॉकलेटं जिन्याच्या दातांत गेली आणि जिना खुर्रर्र करून बंद पडला. मोठमोठे साहेब मधल्यामध्ये अडकून पायी चढले. राउशान तेव्हा खांबाआड लपली होती. रखवालदार झेंगेला ओरडत होता आणि झेंगे त्यालाही चॉकलेट देत होती. तेव्हापासून झेंगे रोज त्या मेट्रोनं जाते. शेवटच्या स्टेशनापर्यंत मिनीबस, मग मेट्रो, मग बाजार. मांडीवर कापलेल्या शेवयांचा आणि कुर्तचा डबा. कुणी ढकलत नाही, हिवाळ्यात पाय गार पडत नाहीत, मनातल्या मनात दुवा म्हणता येते, असं ती सांगते. सवलतीमुळं तिला ते परवडतं. हवेच्या त्या गाडीत जी थोडी हाडामांसाची माणसं बसतात, त्यांत एक झेंगे आहे.

काल संध्याकाळी राउशाननं फोन केला तेव्हा पलीकडे शेवया कापल्याचा टकटक आवाज येत होता. उद्या दुपारी आमची एक सभा आहे, तिनं सांगितलं, यायचं, बसायचं, सगळ्यांबरोबर हात वर करायचा. कशाची सभा, झेंगेनं विचारलं. मेट्रोचीच, आमच्या कामाची, राउशान म्हणाली. टकटक थांबली. थोडा वेळ पलीकडे नुसता श्वास होता, आणि राउशानला वाटलं की आता सांगावं, हे एक वाक्य तर आहे: झेंगे, तुमची सवलत जाणार आहे आणि त्यालाच हात वर करायचाय. पण तिनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. तेवढ्यात झेंगेनं विचारलं, चहा देतात का? राउशान हसली, नको तितकी हसली. बरं येते, झेंगे म्हणाली, आणि टकटक पुन्हा सुरू झाली.

ऑफिसात ती तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी उभी राहून चहा पीत राहिली. डोंगर दिसत नव्हते; खालून चढलेल्या धुरानं ते पुसून टाकले होते. सांगेन, ती ठरवत होती, दारातच सांगेन, मग झेंगेनं हवं ते करावं. किंवा नको सांगायला, नंतर मीच तिचे पैसे भरीन, दर महिन्याला गुपचूप. हा विचार सुचल्यावर तिला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच किळस आली. गाय मारून जोडे दान करण्यातलीच ही गोष्ट. शिवाय सवलत एकट्या झेंगेची जात नव्हती, पण बाकीच्या आपांचा विचार करायला गेलं की मन सरळ सरकारी भाषेत बोलू लागायचं, आणि झेंगेचा विचार आला की त्याला भाषाच उरायची नाही. माणसाला दोन मनं असली तर एक वेळ चालतं, पण दोघांना एकमेकांची ओळखही नसावी हे फार झालं, असं तिच्या मनात आलं.

झेंगे वेळेच्या आधीच आली. तोच पांढरा रुमाल, कोपरे नीट दाबून इस्त्री केलेला. आल्या आल्या तिनं राउशानचा गाल हुंगला, आणि पिशवीतून कुर्तची पुडी काढून तिच्या हातात कोंबली. केकिल, जेवली नाहीस, तोंड बघ कसं झालंय, असं म्हणाली. मग राउशानकडे पाहत उभी राहिली. राउशान म्हणाली, तिसऱ्या रांगेत बसा, तिथं वारा लागत नाही. झेंगे आणखी क्षणभर उभी राहिली. मग मान हलवून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

येरमेक साबीरोविच पडद्याआडून सभागृह न्याहाळत होते. ती पांढऱ्या रुमालातली आजी, ते म्हणाले, अगदी चित्रातल्यासारखी आहे, तिलाच वाचू दे. एक निवेदन राउशाननंच परवा लिहून ठेवलं होतं, कुणातरी निवृत्त माणसानं वाचायचं म्हणून. कागद तिच्याच हातात आला. तिनं तो वाचला. मी, एक निवृत्त नागरिक, शहराच्या तेमिर जोल वाहतुकीच्या भल्यासाठी राउशान तेमिरबेकोव्ना यांनी मांडलेल्या दरवाढीला मनापासून पाठिंबा देते. एका वाक्यात नणंद, सासरा आणि लोखंड. हे झेंगेला वाचता येणारच नाही. राउशानच्या खिशात पेन होतं. नाव खोडून 'खात्यानं' एवढं लिहिलं की भागत होतं, आणि लोहमार्गाच्या जागी मेट्रो. पण तिनं पेन काढलं नाही. झेंगे अडखळेल, कडक रस्ता म्हणेल, लोक हसतील, वाचन फसेल, आणि जे मला बोलता येत नाही ते तिच्या न बोलण्यानं होऊन जाईल, अशी एक लबाड आशा तिच्या आत उगवली होती. त्या आशेची तिला लाज वाटत होती आणि ती सोडवतही नव्हती. तिनं कागद नेऊन झेंगेच्या मांडीवर ठेवला. हे वाचाल का, एवढंच म्हणाली.

मग तिचं स्वतःचं भाषण झालं, रशियनमध्ये. एका प्रवाशामागं शहर किती भरतं, प्रवासी किती भरतो. आवाज तिचाच होता, पण तो तिच्याआधी पोचत होता. मागं कुणीतरी न बोलावलेला म्हातारा उठला, छातीला पदक, आणि कझाखमध्ये म्हणाला, "बाई, तुम्ही भाडं वाढवलं की हवा पैसे द्यायला लागेल का?" सभागृहातले शिक्षक हसले आणि साहेबांकडे बघून हसू गिळून बसले. राउशान म्हणाली की प्रश्न नोंदवून घेतला आहे. म्हातारा म्हणाला, नोंदवू नका, उत्तर द्या. पण तोवर येरमेक साबीरोविचनी ध्वनिक्षेपक तिसऱ्या रांगेत पाठवला होता.

झेंगे उठली. कागद डोळ्यांपासून लांब धरला. मी एक निवृत्त नागरिक, ती वाचू लागली, बाजारात हाक मारते त्याच मोकळ्या आवाजात. शहराच्या, ती म्हणाली आणि थांबली. राउशाननं टेबलाची कड धरली. आता कडक म्हणेल. सभागृहात कुणीतरी खोकलं. झेंगेनं कागदावरून मान वर करून व्यासपीठाकडे पाहिलं, सरळ तिच्याकडे. त्या पाहण्यात राग नव्हता. असता तर राउशानला सोसला असता. मग झेंगेनं पुन्हा कागदात पाहिलं आणि स्पष्ट वाचलं: तेमिर जोल वाहतुकीच्या भल्यासाठी, राउशान तेमिरबेकोव्ना यांनी मांडलेल्या. एकही अक्षर न चुकवता, न पुटपुटता. मनापासून पाठिंबा देते. आणि खाली बसली. टाळ्या झाल्या. एवढ्या लोकांत कुणालाही काही घडल्याचं कळलं नाही. इतक्या वर्षांत नणंदेचं जे नाव ओराझच्या मयताच्या दिवशीही, छाती पिटताना, तिच्या तोंडून निसटलं नव्हतं, ते लाऊडस्पीकरमधून चारी भिंतींना लागून परत आलं होतं. हात वर करा म्हणाले तेव्हा झेंगेनंही हात वर केला. राउशाननं हात मोजले नाहीत, दुसऱ्या कुणीतरी मोजले.

चहाच्या टेबलांशी झेंगे नव्हती. राउशान धावत बाहेर आली तेव्हा ती रस्त्यापलीकडे बसच्या थांब्यावर उभी होती. मेट्रोचं तोंड तिच्यामागं काही पावलांवर होतं, संगमरवरी, मोकळं. राउशान मोटारींच्या मधून पलीकडे गेली. पळताना तिला काय काय सांगायचं होतं, पण पोचल्यावर तोंडून आलं ते असं की, "झेंगे, तुम्ही माझ्या वडिलांचं नाव घेतलंत."

"लिहिलं होतं ना तसं. तू दिलंस ते वाचलं."

"तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही कशाला हो म्हणालात ते? तुमची सवलत..."

"माहीत आहे की. फलाटावर महिनाभर तुमची नोटीस लावलीय. रोज वाचते. गाडी रिकामी असते, वाचायला दुसरं काय असतं?"

धुरकट उजेडात झेंगेचा रुमाल फार पांढरा दिसत होता. "मग काल फोनवर का नाही बोललात?" तिनं विचारलं, आणि आपला आवाज तक्रारीचा आला याचा तिला संताप आला.

"तू सांगशील म्हणून थांबले होते," झेंगे म्हणाली. "काल थांबले. आज दारात थांबले. कागद ठेवलास तेव्हा म्हटलं, आता तरी सांगेल. तू म्हणाली असतीस ना, झेंगे, असं असं आहे, माझ्यासाठी करा, तर मी दोन्ही हात वर केले असते." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "सवलतीचं काही नाही गं. बसनं जाईन."

राउशान रडायला लागली. रस्त्यात, बसच्या थांब्यावर, त्रेपन्न वर्षांची, विभागप्रमुख होऊ घातलेली बाई. झेंगेनं पूर्वीसारखाच तळहातानं तिचा गाल पुसला, एकदा, दोनदा. तो तळहात शेवयांच्या पिठानं कायमचा खरखरीत झाला होता. "रागवा ना मला," राउशान म्हणाली. "केकिल म्हणा आणि रागवा."

झेंगेनं खरंच प्रयत्न केला. राउशानला दिसलं, ओठ उघडले, शब्द जुळवायला जीभ हलली, आणि ओठ परत मिटले. झेंगे स्वतःच गोंधळली, रोजची वाट चुकल्यासारखी. "नाही येत गं," ती हळूच म्हणाली. "नाव तोंडात येऊन गेलं. आता ते माघारी कसं घालू?"

खालच्या वस्त्यांकडे जाणारी बस आली, दारापर्यंत भरलेली. संस्कृती भवनाच्या पायऱ्यांवर येरमेक साबीरोविच हात हलवत होते. झेंगेनं त्यांच्याकडे पाहिलं, मग बसच्या पायरीवर पाय ठेवत, परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तितक्या अदबीनं म्हणाली, "जा, राउशान. तुम्हाला आत बोलावताहेत."